दुकान वाढवा

माझी सून नेमकं काय काम करते, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कुणी विचारलं की "वेबसाइटचं काहीतरी" एवढं बोलून मी चहा ठेवायला उठायची. ती लातूरची, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आणि बसते आमच्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये, बिल्डरनं देवघरासाठी सोडलेल्या कोनाड्यात. आमचं घर बौद्ध. देवघराचा काही उपयोग नव्हता, तिथं तिचं टेबल बरोब्बर बसलं. दिवसभर ती पडद्यावरचं एक बटण उचलून इथून तिथं ठेवताना दिसे. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. एका बटणापायी दर महिन्याला पगार देणाऱ्या त्या कंपनीची मला मनापासून काळजी वाटायची.

शेवटी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "आई, आपल्याकडं पाहुणे आले की पंखा लावायला उठतात. आधी बाहेरचा दिवा लागतो, मग आतला दिवा, मग टीव्ही बंद होतो, आणि मग कुठं पंखा फिरतो. बिचारे ओशाळतात. तुम्ही म्हणता, एवढं साधं कळत नाही. मी म्हणते, बोर्ड बसवणाऱ्यानं पाहुण्याचा विचारच केला नाही. मी तो विचार करते. बस, एवढंच काम."

मला ते उत्तर आवडलं, पण लगेच आवडलं असं दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही. मी म्हटलं, "बरं बरं, आता जेवून घे." मात्र त्या दिवसापासून मी तिच्या कामाकडं बघायला लागले. फोनवर ती समोरच्याला सांगे, "ग्राहक चुकला म्हणू नका, आपलं पान चुकलं म्हणा." पानावर एक जादा ओळ दिसली की ती अशी कासावीस होई, जणू भातात खडा लागलाय. शब्दांवर माझं पोट भरलेलं, पण एक शब्द कमी करायला इतकी झटणारी माणसं मी आमच्या मराठी विभागातही पाहिली नव्हती.

तिचं काम मला खरं कळलं ते आपामुळं.

आपा माझी कंधारची मैत्रीण. कंधार माझं माहेर. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. सगळं गाव तिला आपा म्हणतं म्हणून मीही म्हणते, आणि ती मला मास्तरीण म्हणते. तिच्या घराण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या बांगड्यांचा. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान आहे, इतकं अरुंद की आत एक गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पूर्वी लग्नसराईत ती गावोगाव फिरायची. नवरीचा हात हातात घेऊन, तो पिठासारखा मळून सैल करून, हिरवा चुडा असा चढवायची की पोरीच्या तोंडून "आई गं" निघायच्या आत हात भरलेला असायचा. मग तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. गावं सुटली, आणि गावांबरोबर गिऱ्हाईकही नांदेडच्या मोठ्या दुकानांकडं गेलं.

तिचा मुलगा पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. तो दर फोनला सांगे, अम्मी, आता बास, दुकान दुसऱ्याला द्या आणि इकडं या. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकानं दुकानावर डोळा ठेवलेलाच होता. आपा हे सांगताना हसायची, पण मला तिचं हसू ओळखता येतं. एकदा ती म्हणाली, "पुन्याला जाऊन मी काय करू गं? तिथं मला कोन वळखतं? हितं मी आपा हाय. तिथं मी कुनाची तरी आई म्हनून सोफ्यावर बसून राहणार." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला राग आला, मुलाचा, गुडघ्यांचा आणि त्या कव्हरवाल्याचा. त्या रागातच मी घरी येऊन सुनेला म्हटलं, "आपाच्या दुकानाची वेबसाइट कर."

आपाच्या मुलानंही मान्य केलं. ही लग्नसराई बघू, म्हणाला. दुकान नीट चाललं तर ठीक, नाहीतर अम्मीनं पुण्याला यायचं. आपानं हो म्हटलं. त्या एका लग्नसराईवर तिचं सगळं आयुष्य टांगलं गेलं.

सूनबाईनं ते काम पगाराच्या कामापेक्षा मन लावून केलं. पहिली अडचण मापाची. आपा गिऱ्हाइकाचा हात नुसता बघून माप सांगते. पडद्यातून हात कसा बघणार? मापाचा तक्ता टाकला तर तो कुणी वाचेना. मग तिनं पडद्यावर एक वर्तुळ काढलं. घरातली आपली जुनी बांगडी त्यावर ठेवायची, वर्तुळ लहानमोठं करून जुळवायचं, की खाली माप येतं. पण प्रत्येकीचा मोबाईल वेगळा, म्हणून आधी एखादी ठरावीक आकाराची वस्तू ठेवून पडदा मापून घ्यावा लागे. तिनं एक रुपयाचं नाणं घेतलं, तर आमच्या डब्यात जुना रुपया एवढा मोठा आणि नवा एवढासा. मग तिला एटीएम कार्ड सुचलं. कार्ड सगळ्यांचं सारखं. मी बघतच राहिले. एक वस्तू शोधायची, जी कंधारच्या बाईकडं आणि लातूरच्या बाईकडंही तेवढीच असेल! म्हटलं तर क्षुल्लक, पण माणसांचा विचार करावा तर असा.

पान झकास झालं. वर आपाचा हसरा फोटो, खाली बांगड्या, आणि एक हिरवी पट्टी: "आपा दुकानात आहेत, विचारा." ती दाबली की थेट आपाशी व्हिडिओवर बोलायचं, साडीचा काठ दाखवायचा, आपा रंग जुळवून देणार. दुकान बंद केलं की पट्टी करडी होणार आणि ऑर्डर दुसऱ्या दिवसावर जाणार. त्यासाठी आपाच्या मोबाईलवर एक ठसठशीत बटण होतं: "दुकान बंद करा." वेळ ठरवून आपोआप बंद करायचं सूनबाईनं आधी सुचवलं होतं, पण आपाची वेळ घड्याळाची नव्हतीच. गिऱ्हाईक असेल तोवर दुकान, गुडघा म्हणेल तेव्हा घर.

आणि घोटाळा झाला तो या बटणाचाच. आपा ते दाबेचना.

ती घरी गेली तरी पानावर ती दुकानातच. नमाजला बसली तरी दुकानातच. लोक फोन करत, ती उचलत नसे, आणि लोक रागावून खाली लिहीत: "दुकान चालू दाखवता, मग बोलत का नाही?" "फसवाफसवी." आयुष्यात जिला कुणी खोटी म्हटलं नाही, तिला हे वाचायला लागलं. मुलगा म्हणाला, "लोकांच्या शिव्या खायला दुकान ठेवायचं का, अम्मी?"

मी आपाला फोनवर झापलं. "अगं, साधं एक बटण दाबायला काय होतं तुला?" ती म्हणे, "हाव, दाबते गं." आणि दाबत नसे. माझी खात्री झाली की तिला ते जमत नाही. मी सुनेला म्हटलं, चल, तिला नीट शिकवून येऊ. शिकवणं हा माझा जुना आजार आहे.

एसटीत सूनबाईनं मला बजावलं, "आई, तिथं तुम्ही शिकवायचं नाही. बोलायचंच नाही. फक्त बघायचं." मला गप्प बसवणं सोपं नाही, हे माझ्या घरातल्यांना विचारा. तरी बसले. संध्याकाळ झाली, आपानं डबे आवरले, मोबाईल हातात घेतला. बोट बटणापाशी गेलं. थांबलं. परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. मग तिनं मोबाईल उपडा ठेवला आणि दिवा मालवायला उठली. तिला सगळं येत होतं. तिला ते दाबायचं नव्हतं.

सुनेनं हळूच विचारलं, "आपा, काय झालं?"

"काय न्हाई बेटा. पन त्ये 'बंद' लिवलंय ना. भरल्या दुकानाला बंद कसं म्हनू मी? माज्या सासऱ्यानं कधी म्हटलं न्हाई, मालकानं कधी म्हटलं न्हाई. दुकान बंद करत न्हाईत, बेटा. दुकान वाढवतात."

मला एकदम शिक्षकी चढली. आपल्याकडं अशुभ शब्द उच्चारायचा नाही म्हणून उलटा बोलायची रीत आहे. कुंकू संपत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानही संध्याकाळी बंद होत नाही, वाढवलं जातं. आपाच्या घरच्या बोलीतही तेच, दुकान बढाना. धर्म दोन, भीती एक. मी म्हटलं, "अगं, शब्दानं काय होतं? बंद म्हटल्यानं दुकान बुडत असतं तर सगळ्या बँका कधीच बुडाल्या असत्या."

सूनबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झाले. मग ती आपाला म्हणाली, "चूक तुमची नाही, माझ्या बटणाची आहे. मी तिथं 'दुकान वाढवा' लिहिते." आपाचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

माझा मात्र तिळपापड झाला. परतीच्या वाटेवर मी सुनेशी बोललेच नाही. घरी आल्यावर तिनंच विचारलं, "आई, एवढं काय लागलं तुम्हाला? शब्द तर किती छान आहे."

मग तिला सांगितलं. तिचे सासरे गेले तेव्हा ती या घरात आली नव्हती. सकाळी ते "येतो" म्हणून ऑफिसला गेले आणि दुपारी त्यांना चार माणसांनी उचलून आणलं. मी भिंतीला टेकून बसले होते. आमच्या घरात शुभ-अशुभ नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं गेलं. पण गल्ली सगळी आमच्या घरातली नव्हती. एक वयस्क बाई पुढं आल्या आणि अगदी हळुवार, मऊ आवाजात म्हणाल्या, "हिच्या बांगड्या वाढवा गं कुणीतरी." फोडा म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण वाढवा! एवढा गोड शब्द आणि कामं ही असली! मी हात पदराखाली घेतले आणि कुणाला हात लावू दिला नाही. पण त्या दुपारच्या धक्काबुक्कीत चार बांगड्या फुटल्याच. नंतर आपा आली. कुणाला काही न विचारता तिनं पिशवीतून मोरपंखी बांगड्या काढल्या आणि माझा हात भरला. बायका बघत राहिल्या. आपा म्हणाली, "हिच्या हातात होत्या, हिच्या हातात ऱ्हातील." तेव्हापासून माझे हात कधी रिकामे राहिले नाहीत, आणि तेव्हापासून तो शब्द मला नको असतो.

सूनबाई म्हणाली, "आई, उद्या तुमचं पान केलं तर त्यावर मी हा शब्द कधीच टाकणार नाही. पण हे दुकान आपांचं आहे. बटण त्यांना दाबायचंय." मला राग आला, आणि त्याच वेळी तिचा अभिमानही वाटला. सासूची समजूत काढायला खोटं बोलणं किती सोपं होतं!

"दुकान वाढवा" लागलं, आणि आपा रोज संध्याकाळी ते अगदी प्रेमानं दाबायला लागली. सकाळी आली की "दुकान उघडा." तक्रारी थांबल्या. फोन उचलले जाऊ लागले. लातूरहून, उदगीरहून, अगदी धर्माबादच्या पलीकडून बायका साडीचे काठ दाखवू लागल्या. एकच गंमत व्हायची. रात्री गिऱ्हाइकांना पानावर "दुकान वाढवलं आहे" असं दिसे. जुन्या बायकांना बरोबर कळे. कॉलेजातल्या पोरी मात्र खाली लिहीत, "अभिनंदन आपा! नवीन शाखा कुठं?" आम्ही हसायचो. सूनबाई मात्र हसत नसे. "जी दाबते तिला कळतंय, जी वाचते तिला कळत नाही. हे बरोबर नाही," असं ती स्वतःशीच पुटपुटे. दुसरा शब्द काही तिला सापडत नव्हता.

आणि ऐन लग्नसराईत, मुहूर्त दाटीनं असलेल्या दिवसांत, सकाळी लातूरहून माझ्या विहीणबाईंचा, म्हणजे सुनेच्या आईचा, फोन आला. त्यांच्या पुतणीचा चुडा आपाकडून घ्यायचा होता. "अहो, तुमच्या मैत्रिणीची तब्येत बरी आहे ना? कालपासून दुकान वाढवलेलंच दिसतंय. लई वाट बघितली. शेवटी इथूनच बांगड्या घेतल्या."

मी कंधारला फोन लावला. आपा दुकानातच बसून होती. कालही दिवसभर बसली होती. "येक बी फोन न्हाई गं मास्तरीन," ती म्हणाली. "लोक इटले वाटतं मला. कालपास्नं त्या बटनाला बी हात लावला न्हाई." सून टेबलाशी धावली. दुकान खरंच करडं होतं. तिनं ते उघडलं, आणि मग कोणत्या मोबाईलवरून ते बटण दाबलं गेलं ते शोधलं. आदल्या सकाळी, आपानं दुकान उघडल्यावर थोड्याच वेळात, ते पुण्यातून दाबलं गेलं होतं. पान चालू करताना पासवर्ड मुलाच्या मोबाईलवर घेतला होता. तो मुलाचा मोबाईल होता.

माझ्या अंगाचा भडका उडाला. आईचं दुकान बसावं म्हणून ऐन मोक्याच्या दिवशी! आपाला सांगू नये असं सून म्हणाली. आधी त्याच्याशी बोलू, म्हणाली. पण मी तडक एसटीत बसले, आणि सून माझ्यामागं. खोटं सांगून आपाला फसवणं मला जमलं नसतं.

दुकानात ऐकून घेताना आपाचे हात बांगड्यांच्या डब्यावर होते. तिनं डबा हळूच खाली ठेवला. मग ती जे बोलली ते मी कधी विसरणार नाही.

"माज्या लेकानं माजं दुकान बंद केलं."

बंद. जो शब्द तिनं उभ्या जन्मात त्या उंबऱ्यात उच्चारला नव्हता, तो उच्चारला. मला वाटलं, आता सगळं संपलं. सूनबाईनं मुलाला फोन लावला आणि मोबाईल आपासमोर ठेवला. त्याचा आवाज आला, कारखान्याच्या घरघरीतून.

आपा म्हणाली, "बेटा, दुकान बंद कायकू किया?"

"बंद?" तो ओरडलाच. "मैं कायकू बंद करूंगा अम्मी? मैं तो बढाया!"

मग सगळं बाहेर आलं. परवा त्याला साहेबानं विचारलं होतं, गावी आई काय करते. त्यानं अभिमानानं पान उघडून दाखवलं, आणि सगळ्यांना ते इतकं आवडलं की तो रात्रभर खूश होता. सकाळी त्याला वाटलं, अम्मीसाठी आपणही काहीतरी करावं. त्यानं पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "दुकान वाढवा." मोबाईलवर अशी बटणं असतात ना, आपली जाहिरात आणखी लोकांपर्यंत पोचवा, धंदा वाढवा. त्याला वाटलं, हेही तसलंच. त्यानं दाबलं, आणि दिवसभर खिशात मोबाईल ठेवून, आज अम्मीचं दुकान वाढतंय, असं मनात म्हणत काम करत राहिला.

"अरे, पण घरात 'दुकान बढाना' ऐकूनच मोठा झालास ना तू?" मी मध्ये पडले.

"मावशी, घरात आजोबा म्हणायचे. पण मोबाईलवर आजोबांची भाषा कोण लिहील?"

सूनबाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दादा, तुमची काही चूक नाही. माझ्या बटणाची आहे." हे वाक्य ती दुसऱ्यांदा म्हणाली होती, आणि दुसऱ्यांदाही तितक्याच खरेपणानं. माझ्या ओळखीत फार थोड्या माणसांना ते जमतं.

आपा रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. महिनोन् महिने दुकान सोडा म्हणणारा मुलगा, एकटा असताना, कुणी बघत नसताना, "दुकान वाढवा" दाबून बसला होता. तोंडानं तो काहीही म्हणो, बोटानं खरं सांगितलं होतं. त्या दिवशी गेलेली गिऱ्हाइकं गेली, ती परत आली नाहीत. पण पुण्याला चला हा विषय त्यानंतर फोनवर निघाला नाही. आपा बाजारभर सांगत सुटली, "माज्या लेकानं दुकान वाढवलं!" आणि ऐकणाऱ्यांना अभिनंदन करावं की सांत्वन, हेच कळेना.

बटण मात्र बदलायलाच हवं होतं. सूनबाई पुन्हा एकदा पायरीवर बसून राहिली, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, न बोलता. तेव्हा तिनं दोन गोष्टी टिपल्या. एक तिनं मला कानात सांगितली. "आई, बांगडी फुटली की आपा सगळ्यांना 'वाढली' म्हणतात. तुम्ही जवळ असलात की 'तडकली' म्हणतात. तुमच्या कधी लक्षात आलं?" आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या दुकानात येऊन बसते मी, आणि माझ्यासाठी एका बाईनं आपल्या धंद्याचा शब्द बाजूला ठेवलाय, हे मला सुनेच्या डोळ्यांनी दिसलं. मी नुसती डबे पुसत बसले.

दुसरी गोष्ट संध्याकाळी झाली. आपानं शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि रोजच्या सवयीनं त्या कुलपावर हात ठेवून दुकानाला म्हणाली, "येते गं." सून उभीच राहिली. "सापडलं," ती म्हणाली.

आपल्याकडं घरातून निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. आता आपाच्या मोबाईलवर बंद नाही, वाढवा नाही, उघडा नाही. संध्याकाळी दाबायचं बटण आहे: "येते." ते दाबलं की त्याच जागी सकाळसाठी दुसरं येतं: "आले." आणि गिऱ्हाइकाला दिसतं: "आपा घरी गेल्यात. सकाळी येतात." नवीन शाखा कुठं, असं पुन्हा कुणी विचारलं नाही. मी कितीतरी वर्षं भाषा शिकवली. पण माणूस जो शब्द ज्या क्षणी आपणहून बोलतो, तोच शब्द त्याच क्षणी त्याच्या बोटाखाली ठेवायचा, ही कला मला माझ्या सुनेनं दाखवली. तिच्या पगाराची काळजी मी तेव्हापासून सोडली. पुण्यात मुलालाही रोज ते दिसतं. संध्याकाळी "येते" आलं की त्याला कळतं, अम्मी घरी निघाली. त्यासाठी आता तो वेगळा फोन करत नाही, इतर गोष्टी बोलायला करतो.

मागच्या आठवड्यात मी कंधारला गेले होते. सूर्य किल्ल्याआड गेला, आपानं "येते" दाबलं आणि शटर ओढायला मी हात लावला. शटरच्या कडीत माझी बांगडी अडकली आणि कट्कन आवाज झाला. मोरपंखी काच पायरीवर पडली. आपा वळली. तिचं तोंड उघडलं आणि मी बघितलं की ती माझा शब्द काढतेय, "त..."

मी म्हटलं, "वाढली गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून शटर पुन्हा वर केलं, दिवा लावला आणि, मी शपथेवर सांगते, मोबाईल काढून इमानदारीत "आले" दाबलं. मोरपंखी डबा काढला, माझा हात हातात घेतला. तेवढ्यात पुण्याहून फोन वाजला. आत्ता गेलेली अम्मी परत कशी आली, म्हणून मुलगा घाबरला होता.

माझा हात न सोडता, मोबाईल कान आणि खांद्यात धरून आपा म्हणाली, "कुछ नई बेटा. मावशी की चूडी बढ गई. भर को आती मैं."